शहाण्णव तास

मोरचूद पाण्यात पडला तेव्हा सुंदर दिसला,
हे आधी लिहून ठेवते. प्रबंधात त्याला जागा नाही.
खड्यामागे निळी वेणी सुटत गेली
आणि तळाला टेकायच्या आत
खडा संपला.

सहा टब. टबात दहा दांडवणी.
अंगावर एकच काळी रेघ, शेपटीपर्यंत,
कुणी वहीत समास आखावा
आणि लिहायचं विसरून उठून जावं तशी.
हिडकलच्या यमनाप्पा अंबिगेरनं त्या आणल्या
हंड्यात, तोंडाला ओलं फडकं बांधून,
मोटारसायकलवर मागे बायकोला धरायला बसवून.
"ह्या खायच्या न्हवं की. काय करतासा?"
तपासणी, मी म्हटलं.
"मग बऱ्या होतील," तो म्हणाला आणि पैसे मोजले.

चौदा दिवस त्यांना खोलीची सवय लावली.
कणकेच्या गोळ्या, पंपाचे बुडबुडे.
काचेवर बोट टेकलं की रांगेनं यायच्या.
पंधराव्या दिवशी खाणं बंद,
सोळाव्या दिवशी पाच टबांत मोरचूद, चढत्या मापानं.
सहाव्यात काही नाही.

पहिल्या फेरीत कुणी मेलंच नाही.
अंकलगी सरांनी तराजू तपासला,
बाटलीवरची तारीख तपासली,
चष्म्याच्या वरून मलाही तपासलं.
घरी आई कुकरची सहावी शिट्टी मोजत म्हणाली,
"चिकोडीच्या बोअरचं पाणी न्हवं?
त्यात डाळसुद्धा शिजत नाही की गं."

जड पाणी.
त्यातला चुना विषाचा हात धरून ठेवतो,
कल्ल्यांपर्यंत जाऊ देत नाही.
पुस्तकात हे अकराव्या पानावर होतं.

मग खानापूरला जाऊन मलप्रभेचं पाणी आणलं,
घाटाकडचं, मऊ, साबणाला लगेच फेस देणारं,
ज्याला अजून कुठल्या दगडानं काही शिकवलं नव्हतं.
कंडक्टरनं दोन कॅनचं वेगळं तिकीट फाडलं.
मासे पुन्हा नवे लागणार होते.
"आधीच्या कशा हाईत?" यमनाप्पानं विचारलं.
चांगल्या आहेत. एकही गेली नाही.
ते खरंच होतं.
या खेपेला त्यानं पैसे घेतले नाहीत.

पुन्हा चौदा दिवस. तोच मोरचूद, तेवढाच.

रात्री दोनला त्या वर येऊन तोंडं उघडू लागल्या.
एक तिरकी पोहत होती,
तिरकं आहे ते पाणीच, अशा थाटात.
अंगावर पातळ साय धरली.
मेली कधी म्हणायचं, याला नियम आहे:
कल्ले थांबले,
काचेच्या कांडीनं शेपटीशी हळूच शिवलं,
हलली नाही.
काढायची. वेळ लिहायची.
वॉचमन बसय्याला झोप येत नसे,
दाराशी स्टुलावर बसून तोही मोजायचा:
ओंदू, एरडू, मूरू.
मी मराठीत लिहायचे.
कुठल्याच रात्री आमचा हिशोब चुकला नाही.

चौथ्या टबात पाच गेल्या, पाच राहिल्या.
सर खूश झाले. "हेच हवं होतं, निम्मे."
आलेखावर रेघ सरळ आली,
शून्यानंतर टिंब, टिंबानंतर माझे दोन आकडे,
ज्यांच्यासाठी मला पदवी मिळेल.
राहिलेल्या पाचांचं काय करायचं
ते पद्धतीत दिलेलं नव्हतं.
नदीत सोडता येत नाहीत, एवढंच दिलं होतं.
मी त्यांना काचेवर बोट टेकून दाखवलं.
दोघी आल्या.

यमनाप्पाचा फोन तीनदा वाजला.
तिन्ही वेळा माझे हात ओले होते.

एक कॅन न उघडता उरला होता,
तो आईनं डाळीला घेतला.
दोन शिट्ट्यांत शिजली, लोण्यासारखी.
"असलं पाणी रोज मिळालं तर," ती म्हणाली
आणि वाटी माझ्यापुढे सरकवली.
मी उठून कॅनवरचं लेबल वाचून आले.
माझंच अक्षर होतं.
बसले, आणि पुन्हा उठले.